चौकशीला गेले आणि पाणी पिऊन आले

"तुझी नणंद काहीतरी विचारायला येते आणि पाणी पिऊन जाते."

फाटकाची कडी मी काढली होती, पण फाटक अजून ढकललं नव्हतं. हातात आईने दिलेला डबा होता, ओल्या नारळाच्या वड्यांचा. आमच्या गल्लीतले काका त्यांच्या ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते, पाठ माझ्याकडे. पायरीवर माझी वहिनी, शाळेची पर्स मांडीवर घेऊन. तिला मी सहज दिसले असते, पण ती हसत होती आणि हसताना ती डोळे मिटून घेते.

"पहिल्यांदा आली तर म्हणे, आईने काकूंचे गुडघे कसे आहेत विचारलंय," काका सांगत होते. "दुसऱ्यांदा म्हणे, आजचा पेपर आहे का. दिला पेपर. घेऊन बसली, वाचला पण नाही. पाणी प्यायली, थँक्यू म्हणाली, गेली. पेपर इथंच."

"लाजतात हो त्या," वहिनी म्हणाली.

"लाजू दे की. पण मग येते कशाला?"

"त्या पुस्तक लिहितायत."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर कशाला? हेरांवर."

यावर काका असे हसले की त्यांची खुर्ची करकरली.

मी कडी परत लावली, आवाज होऊ नये म्हणून बोट मध्ये धरून, आणि घरी आले. आईला सांगितलं, घरात कुणी नव्हतं.

"असं कसं?" आई म्हणाली. "तुझी वहिनी तिथेच गेलीय ना?"

गुप्तहेरांवर कादंबरी लिहिणाऱ्या माणसाचं खोटं इतक्या लवकर पकडलं जाऊ नये. पण त्या संध्याकाळी मला खोटं पकडलं गेल्याचं काही वाटलं नाही. मला वाटत होतं ते वेगळंच. ती पायरी. त्या पायरीवर मला बसायचं होतं.

दिवसभर मी घरी बसून नाशिकच्या एका कंपनीसाठी इंग्रजी मजकूर तपासते. पंप, पाण्याचे फिल्टर, सोलर हीटर यांची माहितीपत्रकं. ते काम संपलं की माझी स्वतःची माणसं सुरू होतात. दिल्लीतली एक अधिकारी, तिचा सीमेपलीकडचा हस्तक, आणि या दोघांच्या मधला एक माणूस जो दोन्हीकडून फुटलेला आहे. त्यांच्यासाठी मी जवळजवळ वर्षभर वाचत होते. कोणती संस्था देशाच्या आत काम करते आणि कोणती बाहेर. माहिती गोळा करणारा आणि तिचा अर्थ लावणारा हे दोघे वेगळे का ठेवतात. माणूस हेरायचा कसा, त्याला जवळ आणायचा कसा, आणि नको झाला की सोडायचा कसा. निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी वाचल्या, लांबलचक मुलाखती ऐकल्या. जव्हारला पावसात नेट जातं, म्हणून आधीच उतरवून ठेवलेलं सगळं अंधाऱ्या दुपारी वाचत बसायचे. कुणी विचारलं असतं तर मी एका देशाच्या यंत्रणेची दुसऱ्या देशाच्या यंत्रणेशी तुलना करून सांगितली असती. कुणी विचारलं नाही.

मग पुण्यातल्या एका प्रकाशनाच्या संपादकबाईंना पहिली तीन प्रकरणं पाठवली आणि त्यांचा फोन आला.

"भाषा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमचे हेर फारच गुप्त आहेत हो. कुणाशी बोलतच नाहीत. गच्चीवर उभे राहतात, गाडीत बसतात, खिडकीतून बघतात. त्यांच्याकडे माहिती येते कुठून?"

मी समोरच्या कागदावर 'माहिती कुठून?' असं लिहून घेतलं.

"हॅलो? आहात ना? हे काम प्रत्यक्ष केलेला एखादा माणूस गाठा. छोटा असला तरी चालेल. त्याच्यासमोर बसून ऐका. मग दिवाळीच्या आत पुन्हा पाठवा, मी नक्की वाचते. नाही जमलं तर सोडा, दुसरं काहीतरी लिहा."

दुसरं काही मला लिहायचं नव्हतं. आणि असा माणूस आमच्या गल्लीच्या टोकाला राहत होता.

काकांची सगळी नोकरी पोलिसांच्या गोपनीय कामात गेली, बहुतेक जव्हार आणि मोखाड्यातच. साधे कपडे, बगलेत छत्री, पायात चपला. माझे बाबा आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयात कारकून होते, त्यामुळे मोर्चे त्यांच्याच दारावर यायचे. बाबा सांगतात, काका गोपनीय आहेत हे सगळ्यांना माहीत असायचं. मोर्चेवाले आदल्या दिवशी स्वतःच त्यांच्याकडे यायचे आणि सांगायचे, साहेब, उद्या एवढे एवढे लोक येतील, हे हे बोलतील, मागण्या या आहेत. सभेत त्यांच्यासाठी एक खुर्ची बाजूला ठेवलेली असायची. कोणी नवखा त्या खुर्चीत बसला तर लोकच त्याला उठवायचे, "ती गुप्तवाल्यांची आहे."

मला हे ऐकून आधी वाईट वाटलं होतं. माझ्या कादंबरीत अशा खुर्चीला जागा नव्हती. पण संपादकबाईंच्या फोननंतर मला रात्रंदिवस ती खुर्चीच दिसायला लागली. आणि वेळ नव्हता. काकूंचे गुडघे गेलेत, डोंगरावरचा गारठा त्यांना सोसत नाही. दसरा झाला की दोघं कायमचे नाशिकला मुलीकडे जाणार होते.

म्हणून मी गेले होते. दोनदा. आणि दोन्ही वेळा पाणी प्यायले.

हे समजावून सांगणं अवघड आहे. माझे प्रश्न आधी इंग्रजीत तयार होतात. मी पाचवीपासून नाशिकला होस्टेलवर होते, तिथे मराठी बोललं की फळ्यावर नाव लागायचं. मग तो प्रश्न मी मराठीत आणते, मग तो उद्धट तर वाटत नाही ना हे बघते, मग समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असतो. तेवढ्यात काकू पाणी आणतात. ग्लास हातात आला की मला सुटल्यासारखं होतं. पाणी प्यायलं की उठता येतं.

वहिनीचं असं नाही. वहिनी खोडाळ्याची. तिकडे मोखाड्याच्या पुढे एका पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्नाआधीही तिथेच होती, लग्नानंतर जव्हारहून जाऊन-येऊन करते. डेपोत ती उभी राहिली की कंडक्टर तिच्यासाठी खिडकी राखतो. बाजाराच्या दिवशी पाड्यावरच्या बायका भाजी विकायला खाली बसलेल्या असतात, त्यांच्याशी ती त्यांच्या बोलीत बोलते, आणि त्या बायका तोंडावर पदर घेऊन हसतात. मी शेजारी पिशवी धरून उभी असते. एकदा एका बाईने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. वहिनी काहीतरी म्हणाली. सगळ्या हसल्या, वाईट नाही, मायेनंच. मी पण हसले. काय म्हणाली ते मी विचारलं नाही आणि आजवर ते मला टोचतं.

मी तिला अहो-जाहो करते. मनात मात्र ती 'ती'च आहे.

काकांच्या घरी तिला कुठलाही बहाणा लागत नाही, कारण काकूंचं माहेर खोडाळा. एका गावची मुलगी म्हणून ती सरळ स्वयंपाकघरापर्यंत जाते, डब्यातलं काढून खाते, काकूंच्या गुडघ्याला तेल चोळते. मी याच गल्लीत जन्मले. पण वयाच्या दहाव्या वर्षी गेले आणि नोकरी घरून करता येते म्हणून परत आले, तोवर माझं इथलं सगळं सुकून गेलं होतं. गल्लीतल्या बायका मला "कधी आलीस?" विचारतात. मला येऊन तीन वर्षं झाली आहेत.

त्या वड्यांच्या संध्याकाळी जेवताना वहिनी म्हणाली, "आज काकांनी काय सांगितलं माहितेय?"

मी ताटाकडे बघत राहिले.

"मोर्च्याला किती लोक येणार, हे मोर्चेवाले सांगायचेच. पण ते वाढवून सांगायचे ना. वरच्या साहेबांना खरा अंदाज हवा. मग काका काय करायचे? पिठाच्या गिरणीवर जायचे." तिने भाकरीचा तुकडा हवेतच धरला होता. "पाड्यावरनं चालत यायचं म्हणजे दोन वेळच्या भाकऱ्या बांधून घ्यायच्या. म्हणजे आदल्या दिवशी नागली दळायला गर्दी. काका आपला छोटा डबा घेऊन रांगेत उभे. आणि काकूंना काय सांगायचे, की पीठ थोडं थोडंच दळून आणावं, ताजं असतं! काकूंना इतकी वर्षं वाटत होतं, नवऱ्याला ताज्या पिठाची आवड आहे."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, त्यांना पाणी दिलं. मग माझ्याकडे बघून म्हटलं, "घे, तुझ्या पुस्तकात टाक."

"आणि एकदा काय झालं," वहिनी थांबायलाच तयार नव्हती, "लाइट गेली. दोन दिवस गिरणी बंद. काकांनी कळवून टाकलं, गर्दी काही होत नाही. आणि दुसऱ्या दिवशी हा एवढा मोर्चा! बायकांनी घरी जात्यावर दळलं होतं. वरून काय बोलणी खाल्ली म्हणे!"

"अशा संस्थांमध्ये एकाच स्रोतावर कधी अवलंबून राहत नाहीत," मी म्हणाले. "किमान दोन स्वतंत्र स्रोतांकडून खात्री करून घ्यावी लागते."

आईने मला आमटी वाढली.

जेवल्यावर मी माझ्या खोलीत जाऊन ते सगळं टाइप करून ठेवलं. गिरणी, छोटा डबा, ताजं पीठ. टाइप करताना मला इतका राग येत होता की बोटं चुकत होती. ते तिच्या शब्दांत येत होतं. हवेत धरलेला भाकरीचा तुकडा मला पुसताच येईना. माझ्या दिल्लीच्या अधिकारीण बाईने इतक्या प्रकरणांत कुणाला एकदाही हसवलं नव्हतं आणि इथे एका डब्याने माझ्या बाबांना ठसका लावला. बाबांना मी कधी असं हसवलेलं नाही. मला ती गोष्ट वाईट असायला हवी होती. निदान अर्धवट तरी. वहिनीने ती आपल्या शाळेत डबा खाताना सगळ्या शिक्षकांना सांगितली असणार, हे मला माहीत होतं. मी ज्या गोष्टीसाठी वर्षभर वाचत होते, ती गोष्ट आता तालुकाभर कोणीही जेवताना सांगेल.

मी ठरवलं, काकांकडे जायचं तर पद्धतशीर जायचं. मी वाचलं होतं की समोरच्या माणसाशी पहिला शब्द बोलण्याआधी त्याची पार्श्वभूमी, त्याचा दिनक्रम आणि त्याचे संपर्क ठाऊक हवेत. म्हणजे नेमका कोणत्या क्षणी कोणता विषय काढायचा ते कळतं. मला वाटलं, माझं हेच चुकतंय. मी तयारी न करता जाते, म्हणून पाणी पिते.

एकेक वाक्य विचारणं मला जमतं. किराणा दुकानात बिस्किटं घेताना मी विचारलं, ते गल्लीच्या टोकाचे काका सकाळी येतात का इकडे. इस्त्रीवाल्याला विचारलं, त्यांचे कपडे कोण घेऊन येतं. मेडिकलमध्ये विचारलं, सध्या त्यांच्याकडे घरात कोण कोण असतं. मेडिकलमध्ये नुसतं उभं राहता येत नाही म्हणून इसबगोलचं पाकीट घेतलं. मला उत्तरं मिळाली. काका सकाळी फिरून येताना दूध आणतात. कपडे ते स्वतःच देतात, काकू ओट्याच्या पायऱ्या उतरत नाहीत. नाशिकचा एक पुतण्या अधूनमधून येतो, सामान हलवायला मदत करतोय. मी खूश होते. चालत घरी येताना मला पहिल्यांदाच आपण काहीतरी करतोय असं वाटलं.

रविवारी सकाळी समोरच्या मावशी आल्या. समोरच्या मावशी म्हणजे समोरच्या घरातल्या, नात्याच्या कुणी नाहीत, पण आमच्या घरातलं सगळं त्यांना आमच्याआधी कळतं. आई तांदूळ निवडत होती, वहिनी केस विंचरत होती, मी दारातच लॅपटॉप घेऊन बसले होते. मावशींनी चप्पल काढायच्या आधी बोलायला सुरुवात केली.

"मुलगा चांगलाय हो. नाशिकला बँकेत आहे. उंचीला जरा कमी, पण आपलीही काही ताड नाही."

"कोणता मुलगा?" आईने विचारलं.

"आता माझ्यापासून लपवा तुम्ही! टोकाच्या काकांचा पुतण्या. इस्त्रीवाल्याला विचारून झालं, किराणावाल्याला विचारून झालं, मेडिकलमध्ये घरात कोण कोण आहेत ते विचारून झालं. सगळी चौकशी पोरीने स्वतः केली. आजकालच्या मुली. चांगलंच आहे." मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला, "पोट बरं आहे का आता? मेडिकलवाला म्हणत होता."

आईच्या हातातलं सूप खाली आलं. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला 'नाही' म्हणवेना. मी नाही म्हटलं, पण बहुधा मनातच.

"काकूंनाही बरं वाटलं हो," मावशी म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, म्हणूनच बिचारी सारखी येऊन पाणी पिऊन जाते."

वहिनीने कंगवा तोंडावर धरला. तिचे डोळे मिटलेले होते.

मावशी गेल्यानंतर आईच्या मोबाइलवर त्या पुतण्याचा फोटोही आला. तो कुठल्यातरी धरणाच्या भिंतीवर उभा होता. आईने तो बाबांना दाखवला, बाबांनी चष्मा लावला, मोठा करून बघितला, "धरण कुठलं हे?" म्हणाले आणि बाहेर गेले. मग मी सगळं सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, मग त्यांनाच विचारायचं ना जे काय ते. गावभर कशाला?"

मी माडीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने वहिनी चहा घेऊन आली. बशीत बिस्किटं होती, मीच आणलेली, चौकशीची.

"चौकशी अशी करत नाहीत ताई," ती म्हणाली.

"कशी करतात?"

मला टोमणा मारायचा होता, पण ते खरंच विचारल्यासारखं बाहेर पडलं. ती माझ्या पलंगाच्या कडेला बसली.

"तुमच्या दादाचं स्थळ आलं तेव्हा आमचे वडील म्हणाले, मामाला जव्हारला पाठवतो चौकशीला. मी म्हटलं, मामा जाईल, चहा घेईल, येऊन सांगेल 'माणसं चांगली आहेत'. मुलगा काय करतो, शेती किती, हे तर कागदावर होतंच. मला बाकीचं हवं होतं. घरात आवाज कुणाचा चढतो. सासू सुनेला माहेरी पाठवेल का. नोकरी सोड म्हणतील का. मग माझं जव्हारला ट्रेनिंग लागलं, तेव्हा मीच गेले काकूंकडे."

"आणि विचारलंत?"

"छे! तुमच्या घराचं नाव पण नाही काढलं. मी दुसऱ्याच एका स्थळाचं बोलले. इथलंच, बाजारपेठेतलं. म्हटलं, काकू, मी तिथं हो म्हणतेय, सगळे म्हणतात जव्हारात यापेक्षा बरं घर नाही. झालं! काकू म्हणाल्या, कोण म्हणतं? त्यापेक्षा आमच्या गल्लीतलं हे बघ की. मग बोलतच सुटल्या. आणि काका आत पेपर वाचत होते ते बाहेर आले, खुर्ची ओढली, आणि म्हणाले, 'बाई, तू आमच्या खात्यात का नाही आलीस?' त्यांच्या लक्षात आलं होतं. पण मग त्यांनीच सगळं सांगितलं. एकेका माणसाचं. तुमच्या बाबांचं, आईंचं, दादाचं."

मी कप खाली ठेवला.

मुद्दाम चुकीचं बोलायचं, म्हणजे समोरचा ते दुरुस्त करायला खरं सांगून टाकतो. हे मी वाचलेलं होतं. त्यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे, त्यावर आख्खी प्रकरणं आहेत, मी त्याखाली पिवळ्या रेघा मारल्या होत्या. तो डाव माझ्या घरावर खेळला गेला होता, गल्लीच्या टोकाला, मी इथेच माडीवर बसून दिल्लीची गच्ची रंगवत असताना.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुमचं तर सगळ्यात जास्त बोलले."

"काय?"

वहिनीने बशीतलं बिस्किट घेतलं, चहात बुडवलं, माझ्याच चहात, आणि खाल्लं.

"ते मी नाही सांगणार. त्यांचं बोलणं आहे. त्यांना विचारा."

"चांगलं होतं की वाईट?"

"मी हो म्हटलंच ना या घराला," ती म्हणाली आणि उठली. दारात थांबली. "पुतण्याचं मी सांगू का काकूंना? की तसं काही नाही म्हणून? उद्या जाणारच आहे मी."

"नको," मी म्हणाले. "तुम्ही काही सांगू नका."

इतक्या जोरात म्हणाले की ती जिना उतरताना एकदा मागे वळली.

मला हेवा वाटतो हे मला आधीही कळत होतं. डेपोतल्या खिडकीचा, बाजारातल्या हसण्याचा, बाबांच्या ठसक्याचा. पण ते सगळं तिचं होतं, तिने मिळवलेलं किंवा माहेराहून आणलेलं. हे मात्र माझं होतं. आमच्या घराचा उंबरा ओलांडण्याआधीपासून तिच्याकडे माझ्याबद्दल काहीतरी होतं. पहिल्या दिवशी तिने मला "ताई, तुम्ही कमी बोलता ना? असू दे, मी बोलते," असं म्हटलं होतं आणि मला ते आगाऊपणाचं वाटलं होतं. आता मला कळेना की ते ती म्हणाली होती की काका. बाजारातल्या बायकांना ती माझ्याबद्दल काय म्हणाली असेल? त्यातही ते होतं का? गावात मला घमेंडी म्हणतात, हे मला माहीत आहे. इंग्रजी शाळेतली, रस्त्याने जाताना मान खाली घालून जाते, कुणाला ओळख देत नाही. ज्या माणसाचं पोट दुसऱ्यांकडे बारकाईने बघण्यावर चाललं, त्याने मला या गल्लीत लहानाची होस्टेलला जाताना आणि परत येताना बघितलं होतं. त्याने काय बघितलं? आणि ते ऐकून एका मुलीने लग्नाला हो म्हटलं, असं काय होतं ते?

त्या आठवड्यात मी कादंबरीला हात लावला नाही. दुसऱ्या कुणालाच विचारलं नाही. दसरा झाला. वहिनी रोज सकाळी गाडीला जाताना काकांच्या फाटकावरून हाक मारून जात होती, मला माडीवरून ऐकू यायचं. तिने पुतण्याबद्दल खरंच काही सांगितलं नसावं, कारण काकूंकडून आईला आणखी एक फोटो आला. यात तो बसलेला होता.

त्यांचा ट्रक यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी, वहिनी शाळेत असताना, मी गेले. ती वेळ मी मुद्दाम निवडली. समोरच्या मावशी दारातच होत्या. त्यांनी माझा ड्रेस वरपासून खालपर्यंत बघितला आणि हसल्या. उद्यापर्यंत काय पसरेल ते मला चालताना स्पष्ट दिसत होतं. हातात डबा घेतला नव्हता. प्रश्न सगळे मोबाइलमध्ये होते, एकाखाली एक, नीट मराठीत आणलेले, तो मोबाइलही मी घरी चार्जिंगला लावून आले होते.

फाटक उघडंच होतं. ओट्यावर दोऱ्यांनी बांधलेल्या गाद्या, पातेल्यांचं एक पोतं, तुळशीची कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. काकांची खुर्ची तेवढी अजून बांधली नव्हती. ते तिच्यात बसून सुतळी सोडवत होते. मला बघितलं आणि सुतळी तशीच मांडीवर ठेवली.

"ये," ते म्हणाले. "आज काय? गुडघे की पेपर?"

मी पायरीवर बसले. वहिनी बसते त्याच. दगड उन्हाने तापलेला होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती जागा अरुंद होती आणि तिथून काकांचा चेहरा बघायला मान बरीच वर करावी लागत होती. ते हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, निवांत, काही घाई नसल्यासारखे. नोकरीभर ते असेच बसले असतील. माझ्या मनात इंग्रजीत एक वाक्य तयार व्हायला लागलं. फार विनयशील, फार लांब. आतून काकूंच्या पायांचा आवाज आला, एक पाय ओढत. त्या दारात आल्या, त्यांनी मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा आईसारखाच उजळला.

"आली का माझी बाई," त्या म्हणाल्या. "थांब हां."

"आण, आण, पाणी आण हिला," काका म्हणाले. "भांडी बांधलीत, एक ग्लास ठेवलाय बाहेर. हिच्याचसाठी."

काकू आत वळल्या. माठावरचं झाकण सरकल्याचं ऐकू आलं. इंग्रजी वाक्य अर्ध्यावर होतं, ते मी तिथेच सोडून दिलं.

"पाणी नको, काका," मी म्हणाले. "वहिनींना माझ्याबद्दल काय सांगितलं होतंत, ते आता मला सांगा."